आमची वाटचाल : किल्ल्यांवरून समुद्राकडे

आमचा पहिला युद्धखेळ किल्ल्यांचा. पुठ्ठ्याचा पट, षटकोनी घरं, सोंगट्या, फासे. दिवाळीच्या आधी प्रदर्शनांत स्टॉल लावायचो आणि तेवढ्यावर छपाईचा खर्च निघायचा. स्टॉलवर येणारी कोकणातली माणसं मात्र पट बघून हटकून विचारायची, "अहो, यात आरमार कुठंय?"

आरमार आणायचं तर मोठा पेच होता. बहुतेक युद्धखेळांत जहाजाची ताकद तोफांवरून ठरते. त्या हिशेबानं मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांची गलबतं कस्पटासमान! त्यांचं मोठं लढाऊ जहाज म्हणजे गुराब. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. गलबत म्हणजे वल्ह्यांचं लहान जहाज, ते सहसा ७० टनांच्या वर नाही आणि मोठ्या गलबतावरच्या तोफाही दोन ते चार पौंडी गोळ्याच्या. समोर ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा. तरीही १७१८ मध्ये खांदेरी बेटावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आलेले इंग्रज हात हलवत परत गेले. हे पटावर दिसायला हवं, नाहीतर खेळ कशाला करायचा?

नियमांचं काम माझ्या मावसभावाकडे. त्यानं तोफा बाजूला ठेवून वारा धरला. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला वाऱ्याचा फासा पडतो. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही, ते चालतंच, आणि मागे दोर बांधून गुराबही ओढतं. हे आमच्या मनचं नाही, रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्याच इतिहासकारानं वर्णन करून ठेवलंय. गुराबा शत्रूच्या पिछाडीला जमायच्या, नाळेवरच्या (जहाजाच्या पुढे निघालेल्या टोकावरच्या) नऊ किंवा बारा पौंडी तोफा आधी फक्त डोलकाठ्यांवर चालवायच्या. तिन्ही डोलकाठ्या एका नेमात आल्या की बत्ती. जहाज लुळं पडलं की गलबतांतून माणसं तलवारी घेऊन चहूबाजूंनी एकदम चढायची. आमच्या पटावर म्हणूनच पिछाडीच्या घराला सगळ्यात जास्त किंमत आहे. शिवाय खाडीची आणि उथळ पाण्याची घरं फक्त लहान जहाजांना मोकळी.

पहिला डाव १६७९ च्या खांदेरीचा घेतला. एका बाजूला इंग्रज आणि सिद्दी, दुसऱ्या बाजूला बेटावर तटबंदी उभी करणारे महाराजांचे लोक. रात्रीच्या पाळीत होड्या वेढ्यातून निसटून रसद पोचवतात. १८ ऑक्टोबरच्या लढाईत डव्ह हे इंग्रजी जहाज मराठ्यांनी धरलं, रिव्हेंज मात्र एकटं झुंजत राहिलं. कुठल्याही बाजूनं खेळलं तरी डाव रंगतो, याचा मला फार आनंद आहे.

सोंगट्या लाकडाच्याच हव्यात हा माझा हट्ट. सावंतवाडीच्या एका कारागिरांनी त्या करून दिल्या. गुराबेची पुढे निघालेली नाळ कुरियरच्या प्रवासात मोडायची. त्यांनी लाकडाचे धागे नाळेच्या दिशेनं धरले आणि ती टिकली. एका पेटीमागे खर्च बराच वाढला. किंमत वाढवली, पण पुठ्ठ्यावर गेलो नाही. आता प्रदर्शनापेक्षा घरपोच मागणी जास्त असते, आणि त्यातली बरीचशी परदेशातल्या मराठी घरांतून येते.

सध्या १७५६ च्या विजयदुर्गावर काम चालू आहे. इंग्रज ॲडमिरल वॉटसनचा ताफा समुद्रातून, पेशव्यांची फौज जमिनीवरून, आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला नांगरलेलं. एका जहाजाला आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. ज्या खेळाडूकडे हे आरमार असेल त्याला ते आधी बाहेर काढायची मुभा द्यावी, असं भावाचं म्हणणं. मला वाटतं, द्यावी, पण वाऱ्याचा फासा अनुकूल पडला तरच. पुढच्या महिन्यात दोन्ही नियम मालवणच्या मुलांकडून खेळवून बघणार आहोत.