एक मयत, दोन वाटण्या

एक मुसलमान बाई वारली. मागे नवरा, आई, एक सख्खा भाऊ आणि आई एक पण बाप वेगळा असे दोन सावत्र भाऊ. मूलबाळ नाही, वडील आणि आजोबाही हयात नाहीत. देणी फेडून उरले १८ लाख. हनफी पंथाच्या हिशोबाने नवऱ्याला ९, आईला ३, सावत्र भावांना प्रत्येकी ३ आणि सख्ख्या भावाला शून्य! शाफई हिशोबात नवरा आणि आईचे आकडे तेच, पण उरलेले ६ लाख तिघा भावांत सारखे, प्रत्येकी २. दोन्ही पंथ सुन्नी, दोघांचं कुराण एकच.

नवऱ्याचा १/२, आईचा १/६ आणि एका आईच्या सावत्र भावंडांचा मिळून १/३ हे हिस्से कुराणाच्या चौथ्या सूरेतच दिले आहेत. सख्ख्या भावाला इथे ठरीव हिस्सा नाही. तो ‘असबा’, म्हणजे ठरीव हिस्से देऊन उरेल ते घेणारा. हा नियम हदीसमधून, म्हणजे प्रेषितांच्या वचनांतून येतो. इथे १/२, १/६ आणि १/३ मिळून पूर्ण एक होतो, उरतं काहीच नाही. खलीफा उमर यांनी आधी असाच निवाडा दिला. पुन्हा तसंच प्रकरण आलं तेव्हा सख्खे भाऊ म्हणाले, आमचा बाप गाढव होता असं समजा, पण आई तर एकच ना? उमरनी त्यांना त्या तिसऱ्या हिश्श्यात घेतलं. जुन्या निकालाचं काय, असं विचारल्यावर त्यांनी तो तसाच राहू दिला: तेव्हा तसं ठरलं, आता असं ठरतंय. म्हणून या प्रकरणाचं एक नाव ‘हिमारिया’, गाढवाचं प्रकरण.

इराकमधल्या कूफ्याच्या अबू हनीफांनी (मृत्यू ७६७) पहिली रीत धरली. मदिनेचे मालिक (७९५) आणि शाफई (८२०) यांनी दुसरी. शब्दाला चिकटायचं की आईच्या नात्याचं कारण पुढे न्यायचं, हा खरा वाद. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण पहिलीला हिशोबाची शिस्त आहे हे मान्य करावंच लागतं.

बेरीज एकाच्या वर गेली तर? नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी: १/२ आणि २/३, म्हणजे ७/६. इथे ‘औल’ लागतो. छेद ६ चा ७ करायचा आणि सगळ्यांचे हिस्से त्याच प्रमाणात उतरवायचे. १४ लाख असतील तर नवऱ्याला ६, बहिणींना ४-४. हमखास होणारी चूक म्हणजे नवऱ्याचे ७ आधी बाजूला काढून बहिणींना साडेतीन-साडेतीन देणं. गंमत अशी, की शिया जाफरी पद्धतीत हेच उत्तर बरोबर! ते औल मानत नाहीत. तूट बहिणींवर किंवा मुलींवर टाकतात.

वाटणीआधीचा क्रम चुकला तर पुढचे सगळे आकडे चुकतात. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज. पुरुष मयत असेल तर बायकोचा न दिलेला मेहेर (निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम) हेही कर्जच, तो तिच्या वारसाहक्काच्या १/८ किंवा १/४ मध्ये जिरवायचा नाही. मग वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, तीही उरलेल्याच्या १/३ पर्यंतच. सुन्नी नियमाने वारसाच्या नावे केली असेल तर बाकी वारसांची संमती लागते. आणि एक मुलगा हयात असेल, तर आधी वारलेल्या दुसऱ्या मुलाच्या मुलांना वारसा मिळत नाही. आजोबांनी त्यांच्यासाठी हयातीतच बक्षीसपत्र किंवा वसीयत करून ठेवणं हाच उपाय.

महाराष्ट्रात हा फरक पुस्तकी नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, कारण अरबी समुद्राच्या व्यापारातून भटकळ, मलबार आणि पुढे इंडोनेशियापर्यंत हाच पंथ रुजला. माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी शाफईच. घाटावर मात्र मध्य आशियातून दिल्लीमार्गे आलेली हनफी परंपरा. इंग्रजी अमलात १७९१ मध्ये ‘हिदाया’ हा कायद्याचा ग्रंथ आणि १७९२ मध्ये वारसाहक्कावरचं ‘सिराजिया’ इंग्रजीत आलं. दोन्ही ग्रंथ हनफी, आणि कोर्टांनी त्यांवरच भिस्त ठेवली. सुन्नी पक्षकार हनफीच असं गृहीत धरण्याचा प्रघात त्यातूनच पक्का झाला. म्हणून दापोली-श्रीवर्धनकडच्या कुटुंबाने दाव्यात आपण शाफई असल्याचं पहिल्यापासून नमूद करावं आणि पुरावा जोडावा. शिवाय १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन मुळातच वगळलेली आहे, तेव्हा घर आणि आंब्याची बाग एकाच यादीत घालण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.