आमची वाटचाल : इमेज चांगली होती

अण्णा आणि मी मिळून संगणकांचं काम सुरू केलं ते विंडोज एक्सपीच्या दिवसांत. घोस्ट नावाच्या सॉफ्टवेअरने एका मशीनची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घ्यायची आणि तसल्याच दहा मशीनवर चढवायची, हेच तेव्हा आमचं बहुतेक काम. दहाही मशीन एका खरेदीतली असली की दुपारपर्यंत मोकळे. अडायचं ते जुनं मशीन जळून त्याची इमेज नव्या मदरबोर्डवर चढवायची वेळ आली की. विंडोजचा लोगो क्षणभर दिसायचा आणि लगेच निळा पडदा, त्यावर 0x0000007B हा एरर. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा आम्हीही इमेजलाच दोष दिला होता, हे इथे सांगून टाकतो.

ते मशीन एका पॅथॉलॉजी लॅबचं होतं. तपासणीच्या यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच इमेजमध्ये होतं आणि त्याची मूळ सीडी कोणाकडेच नव्हती. इमेज पुन्हा चढवली, डिस्क बदलली, रॅम बदलली, तरी तोच पडदा. तीन दिवस लॅबच्या डॉक्टर मॅडम रिपोर्ट हाताने लिहून देत होत्या. तिसऱ्या संध्याकाळी अण्णा बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगचं, एकेक पान वाचत बसला आणि साटा मोडपाशी, म्हणजे डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं त्या सेटिंगपाशी, थांबला. नवा बोर्ड एएचसीआय या नव्या पद्धतीवर होता, इमेजमधल्या एक्सपीला माहीत होती फक्त जुनी आयडीई. मोड आयडीई केला आणि डेस्कटॉप आला. इमेज पहिल्या दिवसापासून चांगली होती. आपली डिस्क ज्या कंट्रोलरमागे आहे त्याच्याशी बोलायची भाषाच, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजकडे नव्हती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता हे कुठेतरी लिहून ठेवा." दुसऱ्या दिवशी मी वही आणली. मॅडमची लॅब तेव्हापासून आजतागायत आमच्याकडे आहे. मधे त्यांना स्वस्तात करून देणारे किती आले, त्यांनी एकालाही दाराच्या आत घेतलं नाही.

त्या वहीत प्रत्येक मशीनला एक पान असतं. बोर्डाचं मॉडेल, साटा मोड, डिस्कची विभागणी जुन्या एमबीआरची की नव्या जीपीटीची, सुरू होण्याची पद्धत जुनी लेगसी की नवी यूईएफआय, डिस्कचा आकार, सेक्टर 512 बाइटचा की 4096चा. इमेज घेण्याआधी पान भरायचं, नंतर नाही. मशीन मेलं की बायोसमध्ये शिरून बघता येत नाही, हे नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो.

वहीइतकीच जपलेली आमची पेटी. तिच्यात एक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आहे, एक्सपीच्या इन्स्टॉलला एफ6 दाबून ड्रायव्हर द्यायला लागायचा तेव्हाची. एक गोल पिनचा पीएस/2 कीबोर्ड आहे. साटाचा डॉक, चिठ्ठ्या लावलेले विंडोज पीईचे (पेनड्राइव्हवरून चालणारी छोटी विंडोज) चार पेनड्राइव्ह आणि ड्रायव्हरचं एक फोल्डर, त्यात नुसत्या आयएनएफ आणि एसवायएस, म्हणजे ड्रायव्हरच्या मूळ फाइली, सेटअप एकही नाही. सेटअप डेस्कटॉप आल्याशिवाय चालत नाही, आणि आपलं भांडण डेस्कटॉपच्या आधीचं असतं. 2013 मध्ये घरगुती घोस्ट बंद झालं तेव्हा अण्णाला जवळचं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं. त्याची सीडीही पेटीतच आहे.

मधली वर्षं चांगली गेली. आता 2016 सांगतो.

एका हिशेबाच्या कार्यालयाचं मुख्य मशीन बंद पडलं. विंडोज 7, तिच्याच बॅकअपने घेतलेली इमेज, आदल्या रात्रीचीच. जुना बोर्ड मिळत नव्हता, नवा आला तो इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरच्या पिढीचा. रात्री आठला बसलो. पहिलाच नकार रिकव्हरीच्या पडद्यावरून आला: इमेज बायोसच्या संगणकावर घेतलेली आहे, हा संगणक ईएफआय (म्हणजे यूईएफआयच) वापरतो. याचा इमेजच्या तब्येतीशी काही संबंध नसतो. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय लिहिलेला आणि एकदा साधा. साधा निवडला, जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारं सीएसएम चालू केलं, रिस्टोर पूर्ण झाला. मग निळा पडदा, आमचा जुना ओळखीचा.

जुनं मशीन आयडीई मोडवर होतं, नवा बोर्ड फक्त एएचसीआय किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) देत होता. एएचसीआय ठेवला. विंडोज 7 मध्ये त्याचा ड्रायव्हर असतोच, एमएसएएचसीआय नावाचा, पण न वापरलेला म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, त्याची स्टार्ट किंमत 3 असते. ती 0 केली की तो बूटच्या वेळी लोड होतो. अण्णाने रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) उघडून किंमत बदलली, रीस्टार्ट केलं, तोच पडदा. पुन्हा बदलली, पुन्हा तोच. दोन तास गेले त्यात. आमची चूक होती आणि ती मी झाकत नाही: आम्ही पीईचीच रजिस्ट्री बदलत होतो, जी रीस्टार्टला पुसली जाते. डिस्कवरच्या विंडोजचं सिस्टम हाइव्ह, म्हणजे तिच्या रजिस्ट्रीची फाइल, आधी लोड करावं लागतं. त्यात करंट कंट्रोल सेट नसतो. सिलेक्टमध्ये बघून कंट्रोल सेट 001 वापरात आहे की 002 ते ठरवायचं आणि तिथली किंमत बदलायची. पहाटे पाचला डेस्कटॉप आला.

माउस हलेना. स्कायलेकने जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला होता आणि विंडोज 7 मध्ये यूएसबी 3चा ड्रायव्हर नाही. पेटीतला पीएस/2 कीबोर्ड लावून लॉगिन केलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं, आदल्या दिवशीची शेवटची नोंद दोघांनी डोळ्यांनी पाहिली. राहिले फक्त यूएसबी आणि नेटवर्कचे ड्रायव्हर. ते घ्यायला आम्ही निघालो.

अकराला परत आलो तर त्या डिस्कवर नवी विंडोज चढत होती. कार्यालयाने सकाळी दुसऱ्यांना बोलावलं होतं. त्यांनी माउस हलत नाही हे पाहिलं, "इमेज खराब आहे" म्हणून सांगितलं आणि डिस्क पुसली. मग डेटा कुठून आणला? आमच्याच इमेजमधून. विंडोज 7 ची इमेज ही व्हीएचडी फाइल असते, डिस्क मॅनेजमेंटमधून जोडली की ड्राइव्हसारखी उघडते. ज्या इमेजला खराब म्हटलं तिच्यातून सगळे हिशेब उचलले आणि ते स्वतःचं काम म्हणून दाखवलं. सॉफ्टवेअरचे परवाने आणि प्रिंटरची मांडणी पुन्हा बसवायला त्यांना आठ दिवस लागले, ते कोणी विचारलं नाही.

"यांचे बॅकअप उघडत नाहीत" हे वाक्य मग सगळीकडे फिरलं. चार ग्राहक वर्षभरात गेले, दोन मुलांना कामावरून कमी करावं लागलं. अण्णाने स्वतःचा हिस्सा सहा महिने उचलला नाही. मॅडमनी मात्र त्याच महिन्यात त्यांच्या दुसऱ्या शाखेची मशीनही आमच्याकडे दिली.

हे काम करणाऱ्यांना सांगतो. ड्रायव्हर आणायला दोघांनी एकदम जाऊ नका, एकाने मशीनपाशी बसून राहा. नव्या लॅपटॉपवर पीईला डिस्कच दिसली नाही तर ती मेली असं ठरवू नका. इंटेलचं व्हीएमडी (डिस्क वेगळ्या कंट्रोलरमागे नेणारं सेटिंग) चालू असेल, त्याचा ड्रायव्हर पीईतच लोड करा आणि डिझम कमांडने रिस्टोर झालेल्या विंडोजमध्येही घाला. जुनी इमेज यूईएफआयवर न्यायचीच असेल तर जीपीटी डिस्कवर फॅट32ची ईएफआय विभागणी करा आणि बीसीडीबूट कमांडने बूटच्या फाइली नव्याने लिहा. डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की वहीत नको, वेगळ्या लिफाफ्यात हवी. बोर्ड बदलला की त्यावरची टीपीएम ही सुरक्षेची चिप बदलते आणि रिकव्हरी की मागितली जातेच. विंडोजच्या इमेज रिस्टोरला डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही, आतला डेटा कितीही थोडा असो.

मागच्या वर्षी त्या कार्यालयातले जुने हिशेबनीस काका आमच्याकडे आले. पिशवीत तीच बॅकअप डिस्क होती. एक जुनी नोंद त्यांना हवी होती, आणि ती त्या काळच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नव्हती. अण्णाने जुनं मशीन काढलं, वहीतलं पान समोर ठेवून मोड लावला आणि काकांना शेजारी बसवून रिस्टोर चालू केला. पाऊण तासात डेस्कटॉप आला, काकांनी स्वतः पासवर्ड टाकला आणि नोंद सापडली.

"मग तेव्हा झालं काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी वहीचं पान त्यांच्याकडे वळवलं. अण्णाच्या अक्षरात त्या पहाटेची नोंद आहे: पाच वाजून दहा मिनिटं, बूट झालं, हिशेब उघडले, यूएसबी आणि नेटवर्क बाकी. काकांनी दोनदा वाचलं आणि फोन काढून पानाचा फोटो घेतला.