देवबागच्या मुखाशी तीन तास: होडीचे इंजिन आत असावे की बाहेर?

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, त्या देवबागच्या मुखातून ओहोटीला परत यायचे असेल तर आत बसवलेल्या इंजिनाची होडी भाड्याने घेऊ नये. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आम्हाला ते कोणी सांगितले नाही. उलट होडी ठरवून देणाऱ्या मध्यस्थाने ‘आतले मशीन भरवशाचे, बाहेरचे नुसता आवाज करते’ असे छातीठोकपणे सांगून वीस फुटी डिझेलची फायबर होडी दिवसाला साडेतीन हजारांनी आमच्या गळ्यात मारली.

पहिल्या दिवशी खाडीतून वरच्या अंगाला फिरलो. ते छान झाले आणि त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, मालवणकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पूर्ण ओहोटी पावणेपाचच्या सुमारास, आणि तीही उधाणाची, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा खोल ओसरणारी. हा हिशेब मला लहानपणापासून पाठ आहे. तो त्या दिवशी का केला नाही, याचे उत्तर भोगव्याला दुपारी प्यायलेल्या सोलकढीत असावे. सव्वातीनला मुखात शिरताना तळाखाली खरखर झाली, होडी एका बाजूला कलली आणि थांबली.

इनबोर्ड होडीत इंजिन मधोमध बसवलेले असते, त्याचा दांडा तळातून बाहेर निघतो आणि पंखा तळाच्याही खाली कायमचा उभा असतो. तो वर घेण्याची काही सोय नसते. शिवाय इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचेच पाणी आत ओढले जाते, त्यामुळे उथळ पाण्यात जोर लावला की पाण्याबरोबर वाळूही आत जाते. आमच्या नाखव्याने दोनदा मागे घेण्याचा प्रयत्न केला, जाळीचे झाकण उघडून मूठभर काळसर वाळू काढून दाखवली आणि मशीन बंद केले. आम्ही सहा जण गुडघाभर पाण्यात उतरून ढकलत होतो, पण गिअरसकट त्या डिझेल इंजिनाचे वजन होडी वाळूत आणखीच दाबून धरत होते. ‘भरती लागल्याशिवाय ही हलाची नाय,’ असे म्हणून नाखव्याने बिडी पेटवली.

तेवढ्यात बाजूने 9.9 अश्वशक्तीच्या आउटबोर्डची, म्हणजे मागे बाहेर लटकवलेल्या इंजिनाची, एक होडी आली. तिच्या नाखव्याने मशीन मागून उचलून आडवे केले, स्वतः खाली उडी मारली आणि दोरी धरून होडी म्हशीसारखी ओढत दहा मिनिटांत पलीकडे नेली. आम्ही सुटलो सव्वासहाला, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या आधी जेवढा वेळ रुतलो होतो, तेवढाच वेळ तिच्यानंतरही बसून.

तरीही आतल्या इंजिनाला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. सकाळी निवतीच्या बाजूला लाटा उठल्या होत्या, तेव्हा वजन खाली आणि मध्ये असल्याने आमची होडी स्थिर चालत होती आणि इतरांचे पंखे मात्र लाटेच्या माथ्यावर पाण्याबाहेर येऊन किंचाळत होते. डिझेलचा खर्चही कमी. उघड्या समुद्रात दिवसभर राहायचे असेल तर इनबोर्डच घ्यावी, पण भरतीला बाहेर पडून ओहोटी अर्धी होण्याआधी मुखातून आत यावे. खाडी, वाळूचे पट्टे आणि संगम एवढेच पाहायचे असेल तर दुसरा विचारही करू नये, आउटबोर्डच घ्यावी. इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर, असा तिसरा प्रकार दिमाखदार दिसतो, पण पाय बाहेर निघतो तिथली रबरी घडी फाटली की होडीत पाणी शिरते. खाऱ्या पाण्यात कायम उभ्या राहणाऱ्या होडीला तो नकोच.

आउटबोर्ड घेतल्यावर मशीनच्या मागून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर लक्ष ठेवावे. ती थांबली म्हणजे थंडावा थांबला, आणि नाखवा काहीही म्हणाला तरी मशीन लगेच बंद करायला लावावे. नाखवा पाण्यात पडला तर मशीन बंद करणारी लाल दोरी त्याच्या मनगटाला बांधलेली आहे ना, हेही पाहावे; बहुतेकदा ती हँडललाच लटकत असते. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले आहे याची खात्री करावी.

आता पैशांचे. किनाऱ्याला लागल्यावर मालकाने थांबल्याचे हजार आणि पंखा वाकल्याचे दीड हजार असे अडीच हजार जास्तीचे मागितले. पंखा पाण्याखाली होता. तो आज वाकला की गेल्या वर्षी, हे पाहायला होडी बाहेर ओढावी लागली असती, आणि रात्री साडेसातला ते कोण करणार? हुज्जत घालून दीड हजारावर तोडले, तेही द्यायला नको होते. आउटबोर्ड असती तर निघतानाच मशीन वर उचलायला लावून पंख्याच्या तिन्ही पात्यांचा फोटो काढून ठेवता आला असता. इनबोर्ड घेणाऱ्यांनी होडी वाळूवर उभी असतानाच, ती पाण्यात लोटण्याआधी, मालकाला शेजारी उभे करून तो फोटो काढावा.