फाळके बघायचे तर आधी वेग तपासा

त्र्यंबकेश्वर हे दादासाहेब फाळक्यांचं जन्मगाव आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक. त्यामुळे नाशिककर एकतर त्यांना हार घालतो, नाहीतर ‘सगळे कसे तुरुतुरु पळतात’ म्हणून हसतो. दोन्हींत चित्रपट बघायचा राहूनच जातो.

त्या तुरुतुरु पळण्यात फाळक्यांचा काही दोष नाही. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा: सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी (फ्रेम), म्हणजे सेकंदाला साधारण १६. हात माणसाचा, तेव्हा थोडं मागेपुढे व्हायचंच. बोलपटांनी २४ चा वेग पक्का केला आणि जुनी रिळंही त्याच वेगाने दाखवली जाऊ लागली. माणसं दीडपट घाईत चालायला लागली ती तेव्हा. फाळक्यांचा पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ३,७०० फुटांचा होता आणि फुटात १६ चौकटी बसतात. १६ च्या वेगाने तो तासाच्या थोडा वर जातो, २४ च्या वेगाने ४१ मिनिटांत उरकतो.

घरी बघताना प्लेबॅक स्पीड ०.७५ वर ठेवा, म्हणजे २४ चे १८ होतात. मात्र काही प्रतींत वेग आधीच दुरुस्त केलेला असतो. तिथे आणखी कमी केला की माणसं चिखलातून चालल्यासारखी दिसतात. ओळखायचं कसं? तारामती सख्यांबरोबर आंघोळ करते तो प्रसंग काढा आणि उडालेलं पाणी खाली यायला किती वेळ लागतो ते बघा. बाकी सगळे अभिनय करतात, पाणी करत नाही. (त्या सख्या म्हणजे ओल्या लुगड्यातले पुरुष. या चित्रपटासाठी स्त्रिया कामाला मिळाल्या नव्हत्या आणि तारामती झाले होते अण्णा साळुंके.)

पण आपण बघतो तो १९१३ चाच चित्रपट आहे का? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे. ती रिळं १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. ते धरलं तर ‘पहिल्याच प्रयत्नात केवढं साधलं’ हे कौतुक आणि ‘पहिलाच म्हणून कच्चा’ ही सूट, दोन्ही चुकीच्या रिळावर खर्च होतात. दादरला पहिला चित्रपट करून फाळके त्याच वर्षी नाशकात आले होते. १९१७ मध्ये ते मुरलेले कारागीर होते. पहिला भारतीय चित्रपट तोरण्यांचा ‘पुंडलिक’ की ‘हरिश्चंद्र’ या वादापेक्षा मला हा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

त्यांच्या चमत्कारांकडेही कारागिरी म्हणूनच बघावं. देव अदृश्य करायचा तर कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी आहेत तसं गोठायचं, देवाने बाजूला व्हायचं, की पुन्हा फिरवायचा. चित्रण उन्हात. थांबायला वेळ लागला तर सावली सरकते आणि जोड उघडा पडतो. असे प्रसंग बघताना चेहऱ्याकडे नाही, जमिनीवरच्या सावलीकडे लक्ष ठेवा.

आणि खरा फेरविचार करायचा असेल तर तो फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा. तेव्हा कच्ची फिल्म कडांना भोकं न पाडलेली यायची. ती अंधाऱ्या खोलीत यंत्रावर पाडायचं काम त्यांनी शिकून घेतलं, फिल्म धुण्याचंही. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. भोकं पाडणं हे हमालीचं काम वाटतं, पण यंत्र फिल्म ओढतं ते याच भोकांत दात घालून. दोन भोकांतलं अंतर पावणेपाच मिलिमीटर आणि चौकटीची उंची जेमतेम १८. चौकट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने जरी सरकली, तरी दहा फूट उंच पडद्यावर चित्र दीडएक सेंटीमीटर उडतं. कडा फाटली तर रीळच अडकतं.

आता हिशेब करा. ३,७०० फुटांत ५९,२०० चौकटी, चौकटीला एका कडेला चार भोकं, कडा दोन. झाली ४,७३,६००. ही एका प्रतीची; निगेटिव्हची वेगळी.