संग्रहालय क्लीव्हलँडला गेलं, भिंत व्हॅन मीटरलाच राहिली

"व्हॅन मीटरला? तिथं काय बघणारेस तू?" दाजींनी विचारलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दहा वर्षं काढूनही ते तिकडे कधी उतरले नव्हते. त्यांनी आमच्यासाठी शिकागोचा बेत आखला होता. शिकागो झालं, उंच इमारती, महागडं पार्किंग आणि माणसांची रेटारेटी, एवढंच त्यातलं लक्षात राहिलं. परत आल्यावर मात्र मी हट्ट धरला आणि शेवटी ताईनं गाडी काढली.

राज्याची राजधानी डे मॉइनहून पश्चिमेला अर्ध्या तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. व्हॅन मीटर म्हणजे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. बेसबॉलचा थोर पिचर बॉब फेलर इथला, १९१८ चा जन्म. क्रिकेटवाल्यांना 'वेगवान गोलंदाज' म्हटलं की कल्पना येईल. 'हीटर फ्रॉम व्हॅन मीटर' हे त्याचं टोपणनाव, हीटर म्हणजे वेगवान चेंडू. चेंडूच्या वेगाला गावाचं नाव असं यमकात चिकटलं, की ते आता कुणालाच काढता येणार नाही.

गावात १९९५ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. इमारतीचा आराखडा त्याच्या वास्तुविशारद मुलाचा. मला तेच बघायचं होतं. दाराशी पोचलो तर पाटी नगर कार्यालयाची! २०१० मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी फेलर गेला. तो होता तोवर इथं येऊन चेंडूंवर सह्या द्यायचा आणि त्यातून खर्च निघायचा. तो गेल्यावर काही वर्षांतच संग्रहालय बंद पडलं आणि तिथल्या वस्तू क्लीव्हलँडच्या स्टेडियममध्ये गेल्या. ज्या संघातून तो आयुष्यभर खेळला तो क्लीव्हलँडचा, म्हणून हे रीतसर झालं असं म्हणता येईल. पण मला ते अजिबात पटलं नाही. क्लीव्हलँडला त्याच्याशिवायही बघायला पुष्कळ आहे. व्हॅन मीटरला काय उरलं?

उरली आहे ती बाहेरची भिंत. विटांतच कोरून उठवलेला फेलर तिच्यावर आहे. मी विटेवर हात ठेवून उभी होते तेवढ्यात समोर एक पिकअप थांबला आणि टोपी घातलेले एक आजोबा उतरले. कामासाठी आत निघाले होते, पण भिंतीजवळ दोन बायका बघून आमच्याकडेच वळले.

"आमचा आहे तो," ते म्हणाले. नमस्कार-चमत्कार नाही, नाव-गाव नाही. पहिलं वाक्य हेच.

पुढचा पाऊण तास आम्ही त्या फुटपाथवर उभ्या होतो. संग्रहालयाच्या काचेमागं मला जे मिळालं असतं, त्याहून कितीतरी जास्त मिळालं. फेलरच्या वडिलांनी मका सोडून गहू पेरला, कारण गव्हाला मेहनत कमी आणि पोराबरोबर खेळायला वेळ जास्त. मग शेतातली झाडं तोडून त्यांनी चक्क मैदान केलं. बसायला बाकं, धावफलक, सगळं. त्याला नाव दिलं ओक व्ह्यू पार्क. त्या पोराला हेरलं तेही सीडर रॅपिड्सच्या, म्हणजे आयोवाच्याच माणसानं. साय स्लॅपनिका त्यांचं नाव. करारापोटी दिलं काय, तर एक डॉलर आणि सह्या केलेला एक चेंडू! १९३६ मध्ये सतरा वर्षांच्या फेलरनं एका सामन्यात १७ स्ट्राइकआउट केले. म्हणजे सतरा वेळा फलंदाजाला फक्त आपल्या चेंडूवर माघारी धाडलं. मग हंगाम संपवून हे पोरगं परत व्हॅन मीटरच्या शाळेत येऊन बसलं! पुढच्या वर्षी त्याचा शाळेचा निरोप समारंभ रेडिओवरून देशभर ऐकवला गेला.

आजोबा एकेक सांगत होते आणि दर वेळी बोट भिंतीकडे जात होतं. १९३९ च्या मदर्स डेला शिकागोत त्याची आई प्रेक्षकांत बसली होती. त्यानं टाकलेलाच चेंडू फलंदाजानं तडकावला आणि तो नेमका तिच्या तोंडावर आदळला. टाके पडले. पोरगा सामना जिंकून मगच थांबला. हे सांगताना आजोबांनी स्वतःच्या गालाला हात लावला. मला गलबलून आलं.

७ डिसेंबर १९४१ ला तो व्हॅन मीटरहून शिकागोकडे गाडीनं निघाला होता, नव्या करारावर सही करायला. वाटेत रेडिओवर पर्ल हार्बरची बातमी लागली. वडील मरणपंथाला लागलेले, घर त्याच्यावर, त्यामुळे सक्तीच्या भरतीतून त्याला सूट होती. तरी दोनच दिवसांत तो नौदलात दाखल झाला. ऐन उमेदीतले जवळपास चार हंगाम युद्धात गेले, बराच काळ 'अलाबामा' या युद्धनौकेच्या तोफांवर. तरीही कारकिर्दीत २६६ विजय. "ती चार वर्षं मिळाली असती तर..." आजोबांनी वाक्य अर्धंच सोडलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सर्वांत वरची स्पर्धा, तिचा एकही संघ आयोवात नाही. पण भोवतालच्या सहा संघांनी आयोवा आपल्या प्रक्षेपणाच्या इलाख्यात धरलेला. त्यामुळे वर्षानुवर्षं लीगच्या इंटरनेट सेवेला पैसे भरूनही त्या सहाही संघांचे चालू सामने इथल्या माणसाला बघता यायचे नाहीत. कुणी शिकागोचा, कुणी सेंट लुईसचा, कुणी मिनेसोटाचा चाहता, एकाच घरात तीन टोप्या. अशा राज्यानं अभिमान ठेवायचा कुणावर? माणसावर. संघ उसना चालतो, माणूस आपल्या मातीतला लागतो. आजोबांच्या त्या 'आमचा'मधलं वजन मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावचा कोण?"

मी कराडची. क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "खाशाबा जाधव." हेलसिंकी, १९५२, कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं होतं, हेही सांगितलं. आजोबांनी 'खाशाबा' तीनदा घोळवून नीट म्हणून घेतलं. आणि विचारलं, "त्यांच्या गावात काय ठेवलंय?"

गोळेश्वर कराडच्या अगदी कडेला. कॉलेजात असताना मी तिथून शेकडो वेळा गेलेय. एकदाही थांबले नाही. त्यांचं घर मी आतून पाहिलेलं नाही. क्लीव्हलँडवर इतका वेळ चिडलेल्या मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मी खरं तेच सांगितलं. आजोबांनी मान हलवली, दोष दिला नाही.

संध्याकाळी दाजी आम्हाला डे मॉइनच्या मैदानावर घेऊन गेले. शिकागोच्या संघाला खेळाडू पुरवणारा आयोवा कब्ज तिथं खेळतो. मैदानाच्या पलीकडे विधानभवनाचा सोनेरी घुमट दिसतो. जागा आरामशीर, गर्दी बेताची, शेजारच्या बाईनं न मागता शेंगा पुढं केल्या. सामना कुणी जिंकला ते आता आठवत नाही.

रात्री बाबांना फोन लावला. कराडला सकाळ होती. खाशाबा पदक घेऊन परतले तेव्हाच्या मिरवणुकीचं विचारलं. शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या, बाबा म्हणाले, आणि त्यातली एक आपल्या आजोबांची. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. "बैलांची नावं सांगू का?" बाबांनी विचारलं, आणि मी ताईला हाक मारून फोन स्पीकरवर टाकला.