जर्नालिझम करू का?

वहिनींच्या धाकटीने विचारलं आणि माझ्या तोंडून "बघू या" निघालं. हो नाही, नको नाही, "बघू या". सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

नको म्हटलं असतं तर वहिनी खूश, हो म्हटलं असतं तर पोरगी. असले प्रश्न घेऊन सगळे माझ्याकडेच का येतात? इंजिनिअरिंगचं विचारायला कोणी येत नाही.

इंदूरच्या मराठी घरांना हा धंदा परका नाही. राहुल बारपुते 'नई दुनिया'चे संपादक होते, माणूस मराठी, पेपर हिंदी. जुनी मंडळी अजून त्याच थाटात "पेपरात आहे" म्हणतात. पोरीच्या वाट्याला येणार ते वेगळंच. स्ट्रिंगर म्हणून लागली तर छापून आलेल्या बातमीपुरते पैसे आणि पेट्रोल पदरचं. स्टाफवर घेतलं तरी बहुतेक वेळा करार. संध्याकाळी कॉपी द्यायची, शहराचं पान सुटेस्तोवर मध्यरात्र. रात्रीचं घरी परतायचं वहिनींच्या डोळ्यांसमोर असणारच, पण ते राहू दे.

मग "नको" का निघालं नाही तोंडून?

कारण काम शिकण्यासारखं आहे, आणि कॉलेजात त्यातलं थोडंच शिकवतात. माहितीच्या अधिकाराचंच घ्या. अर्जाला 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, एवढं सगळ्यांना पाठ. पण नवी पोरं लिहितात, "रस्ता सहा महिन्यांत का उखडला?" नगर निगम यावर शांतपणे कळवतं, कारणं सांगणं माहितीत बसत नाही. 'का' विचारायचंच नसतं, कागद मागायचा. वॉर्ड नंबर आणि तारखा घालून वर्क ऑर्डरची प्रत, मेजरमेंट बुकच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीच्या, पानांची प्रत, बिल कधी पास झालं त्याची नोंद. मेजरमेंट बुकात डांबराच्या थराची जाडी लिहिलेली असते. ती घेऊन पट्टीसकट त्या रस्त्यावर जायचं. बातमी तिथे असते.

किंवा कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये आलेली प्रेसनोट. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. कन्व्हर्टर चुकला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि ज्यांचं नाव बिघडलं ते वर्माजी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात. कन्व्हर्ट केल्यावर निदान नावं तरी एकेक करून वाचायचीच.

बलात्काराच्या बातमीत पीडितेचं नाव गेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 72, दोन वर्षांपर्यंत कैद. नाव सगळेच गाळतात हो. बापाचा धंदा, गल्ली आणि शाळा मात्र छापतात, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याला कळलंच.

एवढं लिहून झालं आणि हसू आलं. नको म्हणणाऱ्याची ही वही वाटते का? तिने फॉर्म आधीच भरला असणार, विचारायचं म्हणून विचारलं. मी "बघू या" म्हणत असताना तिचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

तर उद्या तिला एवढंच सांगतो: फी भरायच्या आधी आपल्याच गल्लीच्या ड्रेनेजबद्दल माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक, उत्तर अर्धवट आलं तर पहिलं अपील कर, मिळालेल्या कागदांवरून तीनशे शब्द लिहून आण. त्यात कंटाळली तर प्रश्नच मिटला.

पगाराचं वहिनींशी अण्णांनी बोलावं. मी त्यात नाही.