चार मिनिटांची कॉफी, दहा लाख वर्षांची तिजोरी

पटकथेच्या वर्गात त्या दिवशी अँड्र्यू निकोल यांचा 'इन टाइम' (२०११) घेतला होता. सगळ्यांना चार रकाने आखायला सांगितले: पात्राच्या हातावर किती वेळ आहे, खर्च किती झाला, उरला किती, आणि हे आकडे प्रेक्षकाला कधी कळले. सुरुवातीला कोष्टक भराभर भरत गेलं. चित्रपट अर्धा सरला आणि लिहिण्यासारखं काही उरेना.

कल्पना विलक्षण आहे. पंचविसाव्या वर्षी वय वाढायचं थांबतं आणि हातावरचं घड्याळ चालू होतं. गाठीशी एक वर्ष. पगार, भाडं, कर्ज सगळं वेळेतच. शून्य आलं की माणूस जागीच कोसळतो.

गरीब वस्तीतल्या विलची ही गोष्ट. त्याच्या आईचा मृत्यू मी पुन्हापुन्हा थांबवून दाखवला. ती कर्जाचा हप्ता फेडते, दीड तास उरतो. बसचं भाडं कालपर्यंत एक तास होतं, आज दोन. ड्रायव्हर तिला चढू देत नाही. घरी चालत जायला दोन तास लागतात, म्हणून ती धावत सुटते. समोरून येणाऱ्या मुलाच्या हातावर त्याच दिवशी मिळालेली शंभराहून अधिक वर्षं आहेत, पण ती काही क्षणांनी चुकतात. हा प्रसंग काळीज हलवतो तो आधीच्या पेरणीमुळे. कालची तीन मिनिटांची कॉफी आज चार मिनिटांना झाल्याचं आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे भाडेवाढ लेखकाने सोयीसाठी आणली असं वाटत नाही. इथे खून महागाई करते. विज्ञानपटात इतकी नेमकी कल्पना क्वचितच सापडते!

श्रीमंतांच्या न्यू ग्रीनिचमध्येही पहिली काही मिनिटं उत्तम आहेत. विल सगळं जरा घाईने करतो, म्हणून हॉटेलातली वेट्रेस त्याला परका म्हणून ओळखते. वेळ कर्जाऊ देणारा धनाढ्य वाइस आपली सासू, बायको आणि मुलगी यांची ओळख करून देतो, तिघी एकाच वयाच्या दिसतात. या एका फ्रेमवर अख्खा कौटुंबिक चित्रपट उभा राहिला असता. पुढे तिचा काही उपयोग होत नाही.

मग वाइसच्या मुलीला पळवून नेणं, पाठलाग, बँका लुटणं. वर्गातली एक मुलगी पतसंस्थेत काम करायची. तिने विचारलं, "सर, वेळ द्यायला सही, पासवर्ड, मर्यादा काहीच नाही? झोपलेल्या माणसाचा हात धरला तरी चालतं?" चालतं. मनगटावर मनगट ठेवलं की झालं. असं असताना श्रीमंतांनी दुसरं कुलूप का शोधलं नाही, याचं उत्तर पटकथेत नाही. लुटीच्या प्रसंगात ताण येतो तो अडथळ्याच्या क्रमातून: पहारा, कुलूप, वेळमर्यादा, आणि त्यातलं एक ऐनवेळी बिघडणं. इथे एका बँकेत ट्रक सरळ आत घुसतो. वाइसच्या दहा लाख वर्षांच्या तिजोरीच्या कुलपाचा क्रमांक डार्विनची जन्मतारीख निघतो. शिवाय दहा लाख वर्षं हा आकडा मनात मावतच नाही. दीड तास मावतो.

उत्तरार्धात कोष्टक दोनदाच नीट भरलं. एकदा वेळ लुटणाऱ्या टोळीचा म्होरक्या फोर्टिस याच्याशी एकमेकांचा वेळ ओढून घेण्याची मनगटाची झुंज, तिथे प्रतिस्पर्ध्याचं लक्ष उडेपर्यंत विल शेवटच्या सेकंदांवर थांबतो. दुसऱ्यांदा टाइमकीपर, म्हणजे वेळेवर पहारा ठेवणारा पोलीस, लिऑन याचा मृत्यू. पाठलागाच्या भरात तो आपला वेळेचा रोजचा भत्ता घ्यायला विसरतो. लिऑन स्वतः गरीब वस्तीतून आलेला, रोजच्या भत्त्यावर जगणारा आणि तरीही व्यवस्था राखणारा. माझ्या मते या चित्रपटाचा खरा नायक तोच होता, आणि सिलियन मर्फीने ते दाखवूनही दिलंय. त्याला पिस्तूल देऊन गाडीमागे पळवलं, हे सगळ्यात मोठं नुकसान.

कॅमेऱ्याला दोष देता येणार नाही. रॉजर डिकिन्स यांचा हा डिजिटलवर चित्रित केलेला पहिला चित्रपट, आणि रात्रीची दृश्यं आजही बघावीत अशी आहेत.

शेवटचा भाग नव्याने लिहायला दिला तेव्हा अट एकच घातली: लुटीत दहा लाख वर्षांऐवजी तीन दिवस मिळतात. मग सगळ्यांनाच ते कुणाला किती द्यायचे, हा हिशेब करावा लागला. पतसंस्थेतल्या मुलीने तो प्रसंग बस थांब्यावरच्या रांगेत घेतला: वाटप अर्ध्यावर आलेलं असताना भाड्याचा फलक बदलतो, आणि रांगेत उभ्या असलेल्या लिऑनच्या हातावर फक्त परतीपुरता वेळ आहे.